एलिस आयलंड की ऑर्चर्ड स्ट्रीट? हातात एकच दिवस असेल तर

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे उन्हाळ्यात पाहुणे येणारच. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, पूल आणि टाइम्स स्क्वेअर उरकलं की त्यांतल्या एखाद्याला तरी विचारावंसं वाटतं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोटी भरभरून जी माणसं इथे आली ती उतरली कुठे आणि राहिली कशी? या प्रश्नाची दोन उत्तरं शहरात आहेत. एक बंदरातलं एलिस आयलंड, म्हणजे बोटीने येणाऱ्यांची तपासणी आणि नोंद करायचं जुनं सरकारी ठाणं. दुसरं मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधलं, ऑर्चर्ड स्ट्रीटवरचं टेनेमेंट म्युझियम. टेनेमेंट म्हणजे भाड्याच्या बिऱ्हाडांची दाटीवाटीची इमारत. दोन्ही एका दिवसात होतात असं सांगणारे भेटतात. होत असतीलही, पण दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पाहुण्यांचे पाय बोलायला लागतात आणि निम्मं लक्ष जेवणाकडे असतं. तेव्हा एकच निवडायचं तर कोणतं, एवढ्यापुरतंच हे लिहिणं. वेळा, दर आणि पत्ते दोन्ही ठिकाणांच्या साइटवर आहेत, ते इथे उगाळत नाही.

एलिस आयलंडच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे, आणि ते आधी बोलून घेतो, कारण पुढे माझा कल लपणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आकारमान. १ जानेवारी १८९२ ला हे ठाणं सुरू झालं आणि १९५४ मध्ये बंद झालं. त्या काळात सुमारे एक कोटी वीस लाख माणसं इथून आत गेली. सगळ्यांत गर्दीचं वर्ष १९०७: एका वर्षात दहा लाखांहून जास्त. त्याच वर्षी १७ एप्रिलला एका दिवसात ११,७४७ जणांची नोंद झाली. आकडे ऐकून मान डोलावणं वेगळं आणि त्याच इमारतीत उभं राहून ऐकणं वेगळं. इटलीच्या दक्षिणेतला शेतमजूर, रशियन साम्राज्यातून दंगलींना भिऊन निघालेला ज्यू शिंपी, पोलंडातली कामकरी पोर, ही सगळी याच दारातून गेली. 'अमेरिकेत कारखाने उभे राहिले' हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो. ते उभे करणारे हात कुठून आले हे इथे कळतं.

दुसरी गोष्ट बोट. पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, म्युझियमपेक्षा बोटच जास्त आवडते आणि त्यात गैर काही नाही. इथे जर्सीवाल्यांनी एक करावं: मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कला न जाता जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कातून बोट घ्यावी. बॅटरीहून निघालेली बोट आधी पुतळ्याला लागते. सगळी मंडळी तिथे उतरतात, प्रदक्षिणा घालतात, फोटो काढतात, आणि एलिसच्या वाट्याला उरलासुरला उत्साह येतो. जर्सीच्या बाजूची बोट आधी एलिसला जाते. शिवाय बॅटरीच्या आसपास गळ्यात ओळखपत्रं अडकवून 'पुतळ्याची तिकिटं' विकणारी जी पोरं अंगावर येतात, त्यांच्यापासून सुटका होते. त्यांच्या बोटी बऱ्याचदा बेटाला लागतच नाहीत, लांबून चक्कर मारून आणतात. आमच्याकडच्या एका जोडप्याने हा अनुभव पैसे मोजून घेतला आहे.

जर्सीकडून गेलात तर आणखी एक गोष्ट फुकटात पदरी पडते. बोटीच्या धक्क्याशेजारीच सेंट्रल रेलरोडचं जुनं टर्मिनस आहे, १८८९ मधलं. एलिसवरून सुटलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसं न्यूयॉर्क शहरात गेलीच नाहीत. ती इथे आली आणि आगगाडीत बसून पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींकडे, शिकागोच्या कत्तलखान्यांकडे, पोलादाच्या भट्ट्यांकडे निघून गेली. रूळ आता गवतात बुडालेत, फलाटांवरचं छप्पर गंजून उभं आहे. बोटीची घाई असते म्हणून बहुतेक जण वळून बघत नाहीत. दहा मिनिटं काढावीत.

तिसरी गोष्ट वस्तू. तळमजल्यावर ट्रंका, वेताच्या पेट्या आणि गाठोडी रचून ठेवली आहेत, ती बघताना आमच्या मंडळींचा आवाज आपोआप खाली येतो. वर वैद्यकीय तपासणीचा भाग आहे. डॉक्टर लोकांना जिना चढताना बघत, कोणाला धाप लागते, कोण लंगडतो. संशय आला की कोटावर खडूने अक्षर: हृदयासाठी एच, पायासाठी एल, डोळ्यांसाठी ई, गरोदर बाईसाठी पीजी, डोक्याबद्दल शंका असेल तर एक्स. आणि डोळ्यांची तपासणी! बुटाची बटणं अडकवायला तेव्हा एक छोटा आकडा वापरत, त्याने पापणी उलटवायचे, ट्रॅकोमा हा डोळ्यांचा संसर्गजन्य रोग आहे का बघायला. तो आकडा बघितल्यावर माझ्या मेहुण्याने नकळत स्वतःचा डोळा चोळला. विमानतळावर बोटांचे ठसे देताना कुरकुरणाऱ्याने हा आकडा एकदा बघावा.

हेही सांगायला हवं की ही सगळी परीक्षा तळातल्या डेकवरून आलेल्यांची. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच, वरवर उरकायची, आणि ते थेट शहरात उतरायचे. परत पाठवले गेले ते शंभरात दोनच्या आसपास. आपल्या लोकांच्या तोंडी असतं तसं, अधिकाऱ्यांनी इथे लोकांची नावं बदलली, हे मात्र खरं नाही. अधिकाऱ्याच्या हातात बोट कंपनीने निघतानाच भरलेली यादी असे आणि तो तीच ताडून बघे. नावं बदलली ती बहुतेकांनी स्वतःच, पुढे केव्हातरी, दुकानाच्या पाटीसाठी नाहीतर नोकरीसाठी.

मराठी पाहुणे हमखास विचारतात, "आनंदीबाई जोशी इथेच उतरल्या का?" नाही. त्या जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा एलिसचं ठाणंच नव्हतं. त्या काळी येणाऱ्यांची नोंद बॅटरीवरच्या कॅसल गार्डनमध्ये होई, म्हणजे आज जिथे पुतळ्याच्या बोटीची तिकिटं मिळतात त्या गोल किल्ल्यात. आनंदीबाई पुढे रोझेलला, आपल्या न्यू जर्सीतच, कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. एलिसच्या भरभराटीच्या काळात भारतातून आलेले फार थोडे, आणि १९१७ च्या कायद्याने तर आशियाचा मोठा पट्टाच बंद केला. त्यामुळे तिथे आपलं कोणी सापडेल या आशेने जाऊ नये. दुसऱ्यांचं बघायला जावं.

इतकं सगळं असून माझी गाडी जिथे अडली ती जागा म्हणजे वरच्या मजल्यावरचा नोंदणी हॉल.

हा हॉल म्हणजे एलिसचा गाभारा म्हणायला हरकत नाही. दोनशे फूट लांब, शंभर फूट रुंद, छप्पर छप्पन्न फुटांवर. मोठमोठ्या कमानदार खिडक्या, लाल चकचकीत फरशी आणि डोक्यावर हेरिंगबोन नक्षीत बसवलेल्या टाइल्सची कमान. खाली चार बाक, बाकी मोकळं. ज्याला नेलं तो वर बघतो, 'काय सुंदर आहे' म्हणतो, फोटो काढतो, आणि पुढे जातो. मीही तेच केलं होतं. मग एकदा तिथलीच पाटी नीट वाचली. ते छत १९१८ मधलं आहे. १९१६ च्या जुलैमध्ये पलीकडे जर्सी सिटीच्या ब्लॅक टॉम धक्क्यावर दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला, जर्मन हस्तकांनी घडवलेला, त्यात या इमारतीचं नुकसान झालं. आधीचं प्लास्टरचं छत मोडकळीला आलं म्हणून ग्वास्ताव्हिनो मंडळींनी ही टाइल्सची कमान उभारली. पण माणसांची खरी लाट १९१४ च्या महायुद्धाआधीच येऊन गेली होती. म्हणजे १९०७ साली त्या गर्दीत जे उभे होते त्यांनी हे छत बघितलंच नाही. त्यांच्या डोक्यावर साधं प्लास्टर होतं आणि आजूबाजूला लोखंडी नळ्यांचे कठडे, ज्यांतून रांगा वळवत. कठडे जाऊन बाक आले तेही १९११ च्या सुमारास.

म्युझियमने हे लपवलेलं नाही, हे मी पुन्हा सांगतो. पाटी आहे, जुने फोटो आहेत, कानाला लावायचं यंत्र आहे, रेंजर चांगलं बोलतात. पण डोळ्यांपुढे ऐसपैस, उजेडाने भरलेला, झाडून-पुसून ठेवलेला दिवाणखाना असताना कान कितीही सांगू देत, तिथे पाच हजार माणसं घामेजलेली, कागद दातात धरून, पोरं कडेवर घेऊन उभी होती हे अंगाला लागत नाही. सगळी गोष्ट दाटीवाटीची, आणि ती सांगणारी जागा मोकळी. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी कोणालाही त्या हॉलमध्ये भीती वाटली नाही, गुदमरल्यासारखं झालं नाही. उलट आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "लग्नाला किती छान हॉल आहे." चूक त्यांची नाही. हॉल खरंच तसा आहे. यात दुरुस्ती करणाऱ्यांचा दोष काढण्याइतका मी तज्ज्ञ नाही. कदाचित इतकी मोठी जागा दुसरी कशी राखणार? पण माझ्यापुरती हीच एक गोष्ट सलत राहिली, आणि निवड तिनेच केली.

ऑर्चर्ड स्ट्रीटचं सगळं याच्या उलट.

९७ नंबरची इमारत १८६३ मध्ये लुकास ग्लॉकनर नावाच्या जर्मन शिंप्याने बांधली, भाड्याने द्यायला. पाच मजले, वरच्या प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं, प्रत्येक बिऱ्हाड तीन खोल्यांचं आणि जेमतेम सव्वातीनशे चौरस फुटांचं. १९३५ पर्यंत इथे वीसहून जास्त देशांतली सुमारे सात हजार माणसं राहून गेली. त्या वर्षी जिने-पॅसेज आगीपासून सुरक्षित करायचा खर्च मालकाला परवडेना, त्याने भाडेकरू काढले आणि खालची दुकानं तेवढी चालू ठेवून वरचे मजले बंद केले. पन्नासहून जास्त वर्षं ते तसेच. १९८८ मध्ये रूथ अब्राम आणि अनिता जेकबसन यांनी म्युझियमसाठी ही जागा धरली तेव्हा भिंतींवर कागदाचे वीसेक थर एकावर एक चिकटलेले होते. एकदोन खोल्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, पोपडे धरलेल्या. बाकीच्या सजवल्या आहेत, पण कल्पनेतल्या माणसांसाठी नाही. जनगणनेचे कागद, कोर्टाचे कागद, शाळेचे दाखले आणि वंशजांच्या आठवणी यांतून त्याच इमारतीत राहिलेली कुटुंबं शोधून त्यांची बिऱ्हाडं लावली आहेत.

इथे आपलं आपण हिंडता येत नाही. वेळ ठरवून दहा-पंधरा जणांच्या टोळीत, गाइडच्या मागे जायचं. मला सुरुवातीला हे जाचक वाटलं होतं. आत गेल्यावर कळलं की ही टोळी हाच प्रदर्शनाचा निम्मा भाग आहे. सव्वातीनशे फुटांच्या घरातल्या मधल्या स्वयंपाकघरात पंधरा माणसं उभी राहिली की शेजाऱ्याचं कोपर बरगडीत लागतं, मागच्याला गाइड दिसत नाही, आणि ऑगस्ट असेल तर दहा मिनिटांत पाठ भिजते. आणि मग गाइड शांतपणे सांगते की रोगार्शेव्हस्की कुटुंबात आई-बाप आणि सहा मुलं होती. थोरली-धाकटी पोरं पुढच्या खोलीत सोफ्यावर डोकं आणि खुर्च्यांवर पाय टाकून झोपायची. पंधरा जण एकमेकांकडे बघतात, मनातल्या मनात आठ मोजतात, आणि कोणी काही बोलत नाही.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्या आता पुण्याला असते, पण वाढली गिरगावात, चाळीत. इंग्रजी बेताचं. गाइड मालकाबद्दल आणि भाड्याबद्दल बोलत होती तेव्हा आत्या स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघत होती. मग मला बाजूला ओढून म्हणाली, "अरे, पण मोरी कुठंय?"

मी गाइडला विचारलं. सुरुवातीची कित्येक वर्षं घरात पाणीच नव्हतं. मागच्या अंगणात नळ आणि त्याच अंगणात संडास. पाणी बादल्यांनी वर न्यायचं, सांडपाणी बादल्यांनी खाली. धुणं, भांडी, अंघोळ, सगळं त्यातच. मी मराठीत सांगितलं. आत्या जिन्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या बाईचं काही खरं नव्हतं." थोड्या वेळाने, "आणि बाळंतीण?" तिच्या या दोन प्रश्नांपुढे माझ्या वाचनातला सगळा औद्योगिक इतिहास फिका. एलिसच्या हॉलमध्ये तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. तिथे छान वाटलं म्हणाली आणि बाकावर बसून राहिली.

आपल्या चाळींबरोबर तुलना कोणाही मराठी माणसाच्या मनात येतेच, आणि ती एका मर्यादेपर्यंत बरोबरही आहे. काळ एकच, कारणं एकच: गिरण्या, शिवणकाम, बंदर, आणि कामाच्या जवळ राहायची निकड. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, न्यूयॉर्कात १९०१ मध्ये टेनेमेंट हाउस कायदा. पण आत्यानेच फरक पकडला: "इथे गॅलरी नाही रे." खरंच नाही. आपल्या चाळीत खोली कितीही कोंदट असली तरी दार उघडलं की गॅलरी, उजेड, शेजारीण. इथे दार उघडलं की काळोखा पॅसेज. तीन खोल्या एकामागोमाग एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या, आणि बाहेरचा उजेड फक्त एका टोकाच्या खोलीला. मधलं स्वयंपाकघर आणि आतली झोपायची खोली दिवसाही अंधारात. कायद्याने उजेड-वाऱ्याची सक्ती केली तेव्हा मालकांनी काय केलं, तर दोन खोल्यांमधल्या भिंतीला खिडक्या पाडल्या. घराच्या आतल्या आत खिडकी! ती तिथे अजून आहे, तिच्यातून हात घालता येतो. त्याच कायद्यामुळे दोन बिऱ्हाडांमागे एक संडास जिन्याजवळ आला. उन्हाळ्यात लोक गच्चीवर आणि आगीच्या लोखंडी जिन्यांवर अंथरुणं टाकत.

हा सगळा परिसर त्या काळी जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक होता. दहाव्या वॉर्डात एकरी सातशेच्या आसपास माणसं. जेकब रीस हा डेन्मार्कहून आलेला पत्रकार फ्लॅशची पूड उडवून रात्री या खोल्यांत फोटो काढत हिंडला, १८९० मध्ये ते पुस्तकरूपाने आले, आणि न्यूयॉर्कमधल्या बऱ्या वस्तीतल्या लोकांना आपल्या दोन मैलांवर काय आहे ते दिसलं. त्याचे फोटो एलिसमध्येही भेटतील. पण फोटोतली खोली नेहमी दुसऱ्याची असते.

माझं सर्वांत आवडतं बिऱ्हाड लेव्हिनांचं. हॅरिस आणि जेनी लेव्हिन, पोलंडातले ज्यू, १८९० च्या दशकात इथे राहत. राहत म्हणजे काय, त्या तीन खोल्यांत त्यांचा शिलाईचा कारखाना होता. बायकांचे झगे शिवत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, कारण उजेड तिथेच. रोज सकाळी तीन कामगार येत, एक टाके घालणारा, एक शेवटचा हात फिरवणारी, एक इस्त्रीवाला. इस्त्रीवाल्याची जागा स्वयंपाकघरात, शेगडीला लागून. लोखंडी इस्त्र्या शेगडीवर तापत ठेवलेल्या, एक थंड झाली की दुसरी. त्याच शेगडीवर जेनीचं जेवण. त्याच खोलीत पाळणा. शेगडी विझवायची सोय नाही, जूनमध्येही नाही, कारण इस्त्री थांबली तर माल अडला आणि माल अडला तर भाडं. गाइडने एक जड इस्त्री आमच्यात फिरवली. आमच्या टोळीतला एक दणकट तरुण ती हातात घेऊन 'ओह' म्हणाला आणि लगेच पुढच्याला दिली.

आणि मग तीच गाइड सांगते की रोगार्शेव्हस्कींचा अब्राहम हा असाच इस्त्रीवाला होता, कपड्याच्या कारखान्यात, आणि १९१८ मध्ये क्षयाने गेला. बायको फॅनीने याच इमारतीची झाडलोट-देखभाल पत्करली, म्हणजे भाड्याचा प्रश्न सुटला. ही दोन बिऱ्हाडं पाठोपाठ बघितली की १९११ मधली न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या शिवणकामाच्या कारखान्याची आग, १४६ मृत्यू, त्यानंतरचे कामगार कायदे, हे सगळं कोणाच्या घरातून सुरू झालं ते वेगळं समजवावं लागत नाही. बाल्दिझ्झी या सिसिलीच्या कुटुंबाच्या घरात तर तिथेच वाढलेल्या मुलीचा, जोसेफिनचा, म्हातारपणी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवतात. ती मंदीच्या काळातलं सांगते, सुतार बाप हत्यारांची पेटी घेऊन काम शोधत फिरायचा ते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने शेजारची १०३ नंबरची इमारतही लक्षात ठेवावी. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरची कुटुंबं आहेत: छळछावण्यांतून वाचलेले एपस्टाइन, पोर्तो रिकोहून आलेले साएझ-वेलेझ, आणि वाँग नावाचं चिनी कुटुंब. चिन्यांना १८८२ मध्ये दार बंद झालं होतं, आपल्याला १९१७ मध्ये. पुढे ते थोडं किलकिलं झालं, पण खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. वाँगबाई चायनाटाउनमधल्या शिवणकामाच्या कारखान्यात काम करत. लेव्हिनांपासून ऐंशी वर्षांनी, तोच रस्ता, तोच धंदा. त्या घरात प्लास्टिकचं कव्हर घातलेलं सामान बघून आमच्याकडच्या सगळ्यांना आपापली पहिली अपार्टमेंट आठवली, आणि मग तासभर तोच विषय.

आता ऑर्चर्ड स्ट्रीटच्या उणिवा, कारण त्या आहेत. ९७ ला लिफ्ट नाही. जिना अरुंद, अंधारा आणि उभा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मंडळींना १०३ ची फेरी घ्यावी लागते, किंवा एलिसच बरं. गाइड भराभर इंग्रजी बोलतात. माझ्या आत्याचं निभावलं कारण मी शेजारी होतो आणि तिला बघायचं काय ते कळत होतं, पण प्रत्येकाचं तसं होईल असं नाही. लहान मुलं वीस मिनिटांत चुळबुळ करायला लागतात, त्यांना हात लावायला फारसं काही नसतं आणि पळायला जागा तर नसतेच. तिकीट आधी काढावं लागतं, शनिवार-रविवारी फेऱ्या भरतात. आणि एका फेरीत एखाददुसरंच कुटुंब दिसतं. सगळं बघायचं तर पुन्हा पैसे. एलिसला एका तिकिटात दिवसभर बसा, कोणी उठवत नाही. कोणती फेरी कोणत्या महिन्यात चालू आहे हेही बदलत असतं. मिळाली तर शिवणकामवाल्यांची घ्या.

तरी पारडं कुठे झुकतं हे मला अ‍ॅनी मूरमुळे सांगता येतं. १८९२ च्या पहिल्या दिवशी एलिसच्या दारातून सर्वांत आधी आत गेली ती ही आयर्लंडच्या कॉर्कमधली सतरा वर्षांची पोर, 'नेवाडा' बोटीने, दोन धाकट्या भावांना घेऊन. दहा डॉलरचं सोन्याचं नाणं देऊन तिचं स्वागत झालं. बेटावर तिचा पुतळा आहे, त्याच्याशेजारी सगळे फोटो काढतात. पुढे ती पश्चिमेकडे गेली, टेक्सासात वारली असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. पश्चिमेकडे निघालेली धाडसी मुलगी, गोष्ट छान बसते. २००६ मध्ये वंशावळींचा शोध घेणाऱ्यांनी दाखवलं की ती टेक्सासवाली अ‍ॅनी वेगळीच होती. खरी अ‍ॅनी लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली, ऑर्चर्ड स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका बेकरीतल्या कारकुनाशी लग्न झालं, बरीच मुलं झाली, त्यांतली कित्येक लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये तीही गेली. म्हणजे बेटावर फार तर काही तास, आणि टेनेमेंटमध्ये बत्तीस वर्षं.

म्हणून माझ्याकडे आता कोणी आलं की मी आधी विचारतो: गुडघे कसे आहेत, बरोबर दहा वर्षांखालचं कोणी आहे का, आणि बोटीत बसायचंच आहे का. यांतल्या एकाचंही उत्तर तसं असेल तर लिबर्टी स्टेट पार्कातून सकाळची पहिली बोट, आणि वाटेत ते जुनं टर्मिनस. ज्यांना पूर्वजांची नोंद शोधायची आहे, किंवा स्वतःच्या व्हिसाच्या रांगा अजून ताज्या आहेत, त्यांनाही एलिस जास्त भावेल असं मला वाटतं. बाकी सगळ्यांना मी पाथ ट्रेनने मॅनहॅटनला नेतो, पुढे सबवेने डिलान्सी-एसेक्स स्टेशन. सकाळी साडेदहा-अकराची फेरी मिळाली तर उत्तम, टोळी लहान असते. दुपारी जेवायला एसेक्स मार्केट, आणि शाकाहारी मंडळी असतील तर तिथूनच लोणच्याच्या काकड्या घेऊन येणं. त्या पिंपातल्या काकड्या विकणारे ज्यू दुकानदार एकेकाळी या भागात गल्लोगल्ली होते. आत्याने दोन डबे घेतले, आणि घरी येऊन मोहरी घातली.